बूट फ्लॉपी आणि तेरा धाग्यांचा काठ

गेल्या उन्हाळ्यात मी माझ्या जुन्या संगणकावर त्याची जुनी कार्यप्रणाली नव्याने बसवली. घटना एवढीच. परंतु तिच्या तीन हकिगती आज आमच्या नातेवाइकांत फिरत आहेत आणि तिन्ही चुकीच्या आहेत. आमच्या जावयांच्या हकिगतीत सारे काम त्यांनी केले आणि मी शेजारी बसून घाम पुसत होतो. माझ्या पत्नीच्या हकिगतीत काम तिने केले, तेही पायातला काटा काढायच्या चिमट्याने आणि अर्ध्या मिनिटात. माझ्या थोरल्या भावाच्या हकिगतीत तर संगणकाची गरजच नव्हती, कारण ज्या आकड्यासाठी एवढा खटाटोप झाला तो त्याला पहिल्यापासून ठाऊक होता. या तिन्ही हकिगती मी एकाच लग्नात, एकाच दुपारी, तीन वेगवेगळ्या पंगतींत ऐकल्या. तेव्हा ऐकून घेतल्या, कारण पानात गरम पुरणपोळी होती. आता पान उचलले गेले आहे.

आधी मी कोण ते सांगणे भाग आहे. मी जुळारी होतो. नागपूरच्या इतवारीत भांड्यांच्या बाजारामागच्या गल्लीत लग्नपत्रिका, पावतीपुस्तके आणि हँडबिले छापणारा एक छापखाना होता. तिथे मी शिशात ओतलेली अक्षरे, म्हणजे खिळे, एकेक उचलून ओळी जुळवत असे. पुढे खिळे गेले आणि संगणक आला. मालकांनी विचारले, "तुम्हाला जमेल काय हे?" मी म्हणालो, "त्याला जमत असेल तर मलाही जमेल." जमले. छापखाना बंद झाला तेव्हा मालकांनी तो संगणक माझ्या घरी पोचवून दिला आणि सोबत कार्यप्रणालीची सीडी, मराठी अक्षरजुळणीच्या प्रणालीची सीडी व तिची किल्लीही दिली. ही किल्ली म्हणजे काडेपेटीएवढा एक ठोकळा. तो संगणकाच्या पाठीला, प्रिंटरची वायर लावायच्या जागी लावल्याशिवाय ती प्रणाली एक अक्षर दाखवत नाही.

आमच्या धंद्याची दोन पथ्ये होती आणि पुढचे सारे रामायण त्या दोन पथ्यांवर घडले आहे. हातात आलेल्या मजकुरात जुळाऱ्याने आपली अक्कल घालायची नाही, हे पहिले पथ्य. गिऱ्हाइकाने पत्रिकेत मुलीच्या मामाचे नाव गाळले असेल तर ते गाळलेलेच छापायचे. त्यावरचे भांडण मांडवात होईल, छापखान्यात नाही. दुसरे पथ्य असे की प्रूफ मोठ्याने वाचायचे, विरामचिन्हांसकट. डोळा चूक पोटात घालतो, कान घालत नाही. वयाची शहात्तरी आली तरी मी वर्तमानपत्र तसेच वाचतो. पत्नी म्हणते की त्यामुळेच शेजाऱ्यांनी आमच्या बाजूची खिडकी बुजवून घेतली. हेही खोटे आहे. त्या चौकटीला वाळवी लागली होती.

आता काठाविषयी. आमचे बाबा उमरेडला विणकर होते. करवती काठाची लुगडी ही त्यांची खासियत. या काठाची कड सरळ नसते. काठाचा रंग आणि अंगाचा रंग करवतीच्या दातांसारखे एकमेकांत रुतून बसलेले असतात. एक दात किती धाग्यांत चढवायचा आणि किती धाग्यांत उतरवायचा, यावर त्या काठाची सारी चाल ठरते. बाजारासाठी बाबा अनेक तऱ्हेचे काठ विणत, पण एक काठ घरचा होता. तो घरच्या मुलीच्या लग्नाच्या लुगड्यालाच लागायचा, विकायचा नाही. शेवटचा लागला तो आमच्या बहिणीच्या लुगड्याला. बहीण गेली तेव्हा ते लुगडेही तिच्यासोबत गेले, आणि त्या काठाचा नमुना म्हणून घरात चिंधीही उरली नाही.

बाबा गेले त्याच्या आदल्या हिवाळ्यात डोळ्याच्या ऑपरेशनसाठी ते नागपूरला आमच्याकडे राहिले होते. एका डोळ्यावर पट्टी आणि हातात काही काम नाही, अशा अवस्थेत एके दिवशी ते माझ्या खुर्चीशेजारी येऊन बसले आणि म्हणाले, "लिही." त्यांनी घरचा काठ पहिल्या धाग्यापासून शेवटपर्यंत सांगितला आणि मी तो टाइप केला. सहा पाने झाली. जुळारी टाइप करताना मजकूर वाचत नसतो, तो अक्षरे लावत असतो. म्हणून त्या सहा पानांत काय आहे हे मला मोघमच आठवत होते. छापून ठेवायचे राहून गेले, हा माझ्यावरचा आरोप मात्र खरा आहे. शाई संपली होती, मग बाबा संपले, मग प्रिंटरही.

त्या उन्हाळ्याच्या तोंडावर थोरल्या भावाच्या नातीचे लग्न ठरले. तिने आजोबांजवळ हट्ट धरला की लग्नात नेसेन तर घरच्या काठाचे. भाऊ उमरेडच्या घरीच असतो. वय एक्याऐंशी. हात थरथरतात म्हणून त्याने कित्येक वर्षांपूर्वी माग बंद केला होता. नातीसाठी तो पुन्हा मागावर बसायला तयार झाला, पण एकदाच. दुसरे लुगडे त्याच्या हातून होणार नव्हते, हे त्यालाही माहीत होते आणि आम्हालाही. उभ्या धाग्यांचा ताणा एकदा मागावर चढला की दाताचा आकडा बदलता येत नाही. म्हणून त्याने मला फोन केला.

"धाकट्या, बाबाच्या घरच्या काठाचा दात अकराचा होता ना गा?"

"तेराचा."

"अकराचा. मागावर मी बसत होतो, तू नाही."

"तू बाजाराच्या काठावर बसत होता, दादा. घरच्या काठाले बाबा तुले हात लावू देत नव्हते."

"तुले मोजता तरी येते काय?" तो म्हणाला. "तेरा म्हणते. बाबानं काही लिहून ठेवलं काय तसं?"

"ठेवलं. माझ्यापाशी आहे. कम्प्युटरमधी."

"मंग दाखव. आठ दिवस देतो. नाही तर अकराचा चढवतो."

मागून नातीचा आवाज आला. "लहान आजोबा, तुम्ही दोघं खुशाल भांडा, पण माझं लग्न लागायच्या आधी संपवा."

मी त्याच दिवशी संगणकावरची चादर काढली. सात-आठ वर्षे तो बंदच होता. बटण दाबले तर पंखा फिरला, दिवा लागला, आणि काळ्या पडद्यावर इंग्रजीत एकच ओळ आली की प्रणालीची एक आवश्यक फाइल सापडत नाही, सबब सुरू होता येत नाही. मी तीनदा बंद करून तीनदा सुरू केला. तिन्ही वेळा तेच उत्तर.

रविवारी जावई मनीषनगरहून आले. ते संगणकाच्याच कंपनीत नोकरीला आहेत. कामाला हुशार, स्वभावाला चांगले, आणि आमच्या मुलीला त्यांच्याविषयी काही तक्रार नाही, म्हणून मलाही नाही. येताना त्यांनी स्वतःचा लॅपटॉप, पेचकस आणि आलूबोंड्यांची पिशवी आणली होती.

"मामाजी," ते म्हणाले, "याची डिस्क बाहेर काढू, माझ्या लॅपटॉपला लावू आणि तुमची फाइल कॉपी करून घेऊ. दहा मिनिटांचं काम आहे."

"आणि उघडाल कशात?"

मी त्यांना किल्ली दाखवली. त्यांनी ती उलटसुलट करून पाहिली आणि आपल्या लॅपटॉपच्या तिन्ही बाजू तपासल्या. ती लागेल अशी जागा त्यात नव्हती. आता एकच मार्ग उरला होता. याच पेटीत जुनी कार्यप्रणाली पुन्हा बसवायची, तिच्यावर मराठी प्रणाली बसवायची, किल्ली लावायची आणि मग फाइल उघडायची.

"ठीक आहे," जावई म्हणाले, "पण आधी डिस्क काढून एक कॉपी ठेवू या. न जाणो, काही झालं तर."

हा सल्ला शहाणपणाचा होता. मी तो नाकारला. कारण एवढेच की पेचकस त्यांच्या हातात होता, आणि ती पेटी छापखान्यातून आल्यापासून माझ्याखेरीज कोणी उघडली नव्हती. हे कारण पुरेसे नाही, हे मला मान्य आहे. जावई ही गोष्ट भेटेल त्याला सांगतात. त्यांच्या हकिगतीत तेवढा भाग खरा आहे.

मी देवघरातून बूट फ्लॉपी आणली. ज्यांनी ही वस्तू पाहिली नसेल त्यांच्यासाठी सांगतो. तळहातावर मावणारी ती एक चौकोनी चकती असते. संगणक स्वतःची प्रणाली विसरला की त्याला शुद्धीवर आणण्यापुरता मंत्र तिच्यात असतो. देवघरात ती आणि किल्ली अशा दोन्ही वस्तू पितळी डब्यात होत्या, कारण आमच्या घरात देवघराइतकी न हरवणारी जागा दुसरी नाही. शिवाय दर खंडेनवमीला मी त्यांची आणि संगणकाची पूजा करत असे. विणकर मागाची करतो, सुतार रंध्याची करतो, आम्ही छापखान्यात खिळ्यांच्या खणांची करायचो. मग खिळ्यांच्या जागी संगणक आला तर पूजा का थांबावी?

फ्लॉपी खाचेत सरकवली. ती पूर्ण आत जाईना. जोर लावला तेव्हा टक् झाले, आतून खर्र खर्र असा आवाज आला, आणि पडद्यावर सूचना उमटली की चकती घाला.

"गेली, मामाजी," जावई म्हणाले. "एवढ्या वर्षांत फ्लॉपीला बुरशी लागते. दुसरी आहे काय?"

"चकती ठणठणीत आहे. मघाशी तुम्ही पेटी हलवली."

"मी फक्त तिच्याभोवतीची धूळ पुसली."

"तेच म्हणतो मी."

पत्नी चहा घेऊन आली. तिने एकदा फ्लॉपीकडे पाहिले, एकदा माझ्याकडे.

"हळदी-कुंकू खाऊन खाऊन किती दिवस चालन ते," ती म्हणाली. "मी दर खंडेनवमीले म्हणत होती, वरूनच ओवाळा."

"मी वरूनच ओवाळत होतो."

"अन् अक्षता कुठं टाकत होते? त्या फटीतच तर टाकत होते. म्हणत होते, मशीनचं तोंड आहे हे."

जावयांनी चहाचा कप हळूच खाली ठेवला आणि मोबाइलचा दिवा लावून खाचेत डोकावले. मग त्यांनी मला पाहायला बोलावले. आत, अगदी मागच्या कडेला, लाल झालेले तांदळाचे दाणे बसले होते.

मी माझी बाजू एकदाच मांडतो. मूर्तीच्या पायाशी अक्षता वाहतात, पुस्तकाच्या पानांत वाहतात, तलवारीच्या पात्यावर वाहतात. ज्या यंत्राला पाय नाहीत, पाने नाहीत आणि पाते नाही, त्याला कुठे वाहायच्या हे कोणत्याही पोथीत दिलेले नाही. मी विचार करून तोंड निवडले. छापखान्यातही तसेच करायचो आणि तिथे कोणी हरकत घेतली नव्हती.

पत्नीने चिमटा आणला आणि तीन दाणे काढले. लग्नात ती ते मूठभर होते असे सांगत होती. तीन होते, मी मोजले.

"नैवेद्य परत आला," जावई म्हणाले. "आता प्रसाद म्हणून वाटून टाका."

"आधी तुमच्या सासऱ्यांना द्या," पत्नी म्हणाली.

यानंतर फ्लॉपी आत गेली. खर्र खर्र झाले, थांबले, पुन्हा झाले, आणि काळ्या पडद्यावर 'ए' हे इंग्रजी अक्षर आणि त्याच्यापुढे लुकलुकणारी एक रेघ उमटली. यंत्र शुद्धीवर आले होते. खुर्चीत मी होतो, कळफलकावर माझी बोटे होती, आणि कूलर बंद केलेला होता, कारण आमच्याकडे कूलर आणि संगणक एकाच वेळी चालवले तर व्होल्टेज पडते. महिना मे. घामाचे कारण एवढेच होते. भीतीचा त्यात संबंध नव्हता.

इथे थोडे समजून घ्यावे लागेल. माझ्या संगणकाच्या डिस्कचे दोन कप्पे आहेत. 'सी' कप्प्यात कार्यप्रणाली, आणि 'डी' कप्प्यात माझा सारा मजकूर, बाबांच्या सहा पानांसह. प्रणाली नव्याने बसवायची तर 'सी' पुसून कोरा करायचा आणि 'डी'ला हातही लावायचा नाही. कार्यप्रणालीची सीडी एरवी 'ई'वर दिसते, पण फ्लॉपीवरून सुरू झालेला संगणक एक काल्पनिक कप्पा तयार करून सीडीला पुढच्या अक्षरावर ढकलतो. जावई माझ्या उजव्या बाजूला उभे राहून मोबाइलवर याचीच माहिती शोधत होते आणि पुटपुटत होते, "डी... आमच्या कॉलेजात डीवर असायची... डी..."

मी कप्पा पुसण्याची आज्ञा टाइप केली, तिच्यापुढे अक्षर टाइप केले, आणि कळ दाबली. पडद्यावर दोन ओळी आल्या.

"काय म्हणते ते?" पत्नीने विचारले. तिला इंग्रजी वाचता येत नाही.

मी प्रूफ वाचतो तसे, मराठी करून वाचले. "इशारा, अपूर्णविराम. डी या कप्प्यातील सर्व मजकूर नष्ट होईल, उद्गारचिन्ह. पुढे जायचे काय, प्रश्नचिन्ह."

"हो म्हणा, मामाजी," जावई मोबाइलवरून नजर न काढता म्हणाले. "वाय दाबा."

माझे बोट 'वाय'वर होते. परंतु डोळ्याने जे निमूटपणे जाऊ दिले होते ते कानाला खटकले. मी पुन्हा मोठ्याने वाचले. "डी या कप्प्यातील." आणि बोट उचलून 'एन' दाबले.

'डी' मी टाइप केला, हे खरे आहे. कोणाच्या पुटपुटण्यामुळे केला ते वर लिहिले आहे, वाचकांनी ठरवावे. जावई मात्र सांगतात की ऐन वेळी त्यांनी माझा हात धरला. त्यांच्या एका हातात मोबाइल होता आणि दुसऱ्यात आलूबोंडा. माझा हात धरायला त्यांना तिसरा हात लागला असता.

पत्नीने माझ्या खांद्यावरचा पंचा घेऊन माझ्याच कपाळावर फिरवला. मी 'सी' टाइप केला, तिघांनी मिळून ते अक्षर तपासले, आणि तिघांनी हो म्हटल्यावर 'वाय' दाबला. पुसल्याचे प्रमाण टक्क्याटक्क्याने पडद्यावर चढत गेले.

सीडी 'एफ'वर आहे हे जावयांनी शोधले. ते श्रेय त्यांचे आहे आणि मी ते देतो. पुढचे काम यंत्राचेच होते. 'आणखी तीन मिनिटे' असे सांगून त्याने वीस मिनिटे घेतली, मग नम्रपणे 'आणखी पाच मिनिटे' सांगितले. आमच्या छापखान्याचे मालकही गिऱ्हाइकाला पत्रिकांची वेळ अशीच सांगत, त्यामुळे मला त्यात काही नवल वाटले नाही. जावई दिवाणावर आडवे झाले आणि त्यांचा डोळा लागला. दुपारी चारच्या सुमारास पडद्यावर निळे आकाश उमटले, म्हणजे कार्यप्रणाली बसली. मी मराठी प्रणालीची सीडी घातली आणि पेटीच्या पाठीमागे हात घालून चाचपडत किल्ली बसवली. 'डी' कप्प्यातली फाइल पहिल्या खटक्यात उघडली. पडद्यावर माझीच जुनी अक्षरे होती, पण शब्द बाबांचे होते. त्यांच्या बोलीतले, जसेच्या तसे.

मी भावाला फोन लावला आणि स्पीकर चालू करून फोन टेबलावर ठेवला. पत्नी तेवढ्यात वाळवण आवरायला गच्चीवर गेली होती. जावई घोरत होते. हे मी मुद्दाम नोंदवतो, कारण पुढे जे झाले त्याला साक्षीदार नाही.

"सापडलं," मी म्हणालो. "ऐक." आणि वाचू लागलो. "घरच्या काठाचा दात तेरा धाग्यांचा, पूर्णविराम. तेरा चढत, स्वल्पविराम, तेरा उतरत, पूर्णविराम. अकराचा दात बाजाराचा, स्वल्पविराम, थो घरच्या पोरीले लावू नये, पूर्णविराम."

मी जिंकलो होतो. मी तिथेच थांबू शकलो असतो. परंतु जुळाऱ्याचा डोळा नेहमी एक ओळ पुढे असतो, आणि पुढची ओळ मला दिसली होती. टाइप केली त्या दिवशी ती माझ्या बोटांखालून गेली असणार; मी अक्षरे लावली आणि पुढे गेलो. आता मी ती प्रथमच वाचत होतो.

"काहून थांबला गा?" भाऊ म्हणाला. "पुढं काय आहे?"

पुढे काही नाही, असे मी म्हणू शकलो असतो. एक कळ दाबून ती ओळ कायमची पुसू शकलो असतो. संगणक माझा, फाइल माझी, घरात कोणी जागे नाही. मी हे दोन्ही विचार केले. मग चष्मा पुसला आणि वाचले.

"हे धाकटा लिहून राहिला, पूर्णविराम. त्याले मोजता येत नाही, पूर्णविराम. लहानपणी बकऱ्या मोजाले धाडला तर एक बकरी जास्त मोजून आला, पूर्णविराम. कुठं शंका आली तर मोठ्याले विचारजा, पूर्णविराम."

भाऊ इतका हसला की त्याला खोकला लागला. खोकला थांबल्यावर तो म्हणाला, "आता पाह्य. बाबाच सांगून गेले. शंका आली तर मोठ्याले विचारा. मोठा म्हणते, अकरा."

"दादा, लिहिलं काय आहे? तेरा."

"लिहिलं कोणी? तूच ना. अन् तुले मोजता येत नाही, हे बी त्यातच लिहिलं हाय."

माझ्याच पुराव्याने माझाच पुरावा खोडून काढला होता. काठ अकराचा चढणार, बाजाराचा काठ घरच्या मुलीच्या अंगावर जाणार, आणि याचे कारण साठ-सत्तर वर्षांपूर्वीची एक बकरी. मी तेवढ्यापुरता खरोखर हरलो होतो.

"पण मले एक सांग," भाऊ म्हणाला. आवाजातले हसू गेले होते. "हे बकरीचं तू तवा टाइप केलं?"

"बाबा बोलले, मी टाइप केलं."

"अन् आता वाचून दाखवलं."

"हो."

"घरात कोण आहे?"

"कोणी जागं नाही."

"मंग तुले गाळता आलं असतं."

"आलं असतं."

"जो बकरी गाळत नाही," भाऊ म्हणाला, "थो धागे काहून बदलीन? तेराचा चढवतो." आणि त्याने फोन ठेवला.

लुगडे पुरे व्हायला त्याला तीन आठवडे लागले. सकाळी तास, संध्याकाळी तास, मधे हाताला तेल. लग्न उमरेडलाच झाले. नात ते नेसून बाहेर आली तेव्हा भाऊ माझ्यापासून चार पावलांवर उभा होता आणि आम्ही एकमेकांकडे पाहिले नाही. पंगतीत मात्र मी त्याचा आवाज ऐकला. तो व्याह्यांना सांगत होता, "मी पहिल्यापासून तेराच म्हणत होतो. धाकट्यानं उगाच त्या डब्ब्यात तोंड घातलं." व्याही मान डोलावत होते. बकरीची गोष्टही त्याने त्यांना सांगितली, आणि ती मात्र शब्दशः खरी सांगितली.

जेवणे झाल्यावर नात आमच्या पाया पडायला आली. ती वाकली आणि पदराचा काठ माझ्या डोळ्यांसमोर आला. मी चष्मा सारखा केला आणि एका दाताचे धागे मोजू लागलो.

"लहान आजोबा," ती वाकूनच म्हणाली, "मोजू नका. तुम्हाले येत नाही म्हणे."

"उभी राहू नको," मी म्हणालो. "अजून चार राहिले."

तेरा होते. चढत तेरा, उतरत तेरा. थरथरत्या हाताने विणलेल्या त्या काठात एकही धागा कमी नव्हता की जास्त नव्हता. हे मी माझ्या भावाच्या बाजूने लिहितो, कारण तो स्वतः कोणाला सांगणार नाही.

राहता राहिली बकरी. त्या दिवशी आमच्या कळपात शेजाऱ्यांची एक बकरी येऊन मिसळली होती. मला बकऱ्या मोजायला सांगितले होते. समोर जेवढ्या होत्या तेवढ्या मी मोजल्या. त्यांतली कोणती आपली आणि कोणती परकी, हे ठरवायला मला कोणी सांगितले नव्हते.